कंपनीचा नियम

आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. तोक्योतल्या आमच्या मराठी ग्रूपमध्ये बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले, चारदोन विद्यापीठातले संशोधक, आणि ही एकटी नर्स. गणपतीत पुढे स्टेजवर मुलांचे नाच चालू असायचे, आणि सिस्टर हॉलच्या मागच्या टेबलावर बीपीचं मशीन घेऊन बसलेली असायची. भारतातून मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांची तिच्यासमोर रांग लागायची. तिला ते काम कुणी नेमून दिलं होतं? बहुधा मीच. मी कमिटीत होते आणि लोकांना कामं वाटून द्यायची मला भारी हौस. बाई, ऊठ, ते मशीन बाजूला ठेव आणि पुढे येऊन बस, असं तिला कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तर नाहीच म्हटलं.

रविवारी सकाळी कुणाच्या पोराला ताप आला, कुणाच्या अंगावर पित्त उठलं, की फोटो काढून सिस्टरला पाठवायचा. ती ड्यूटीवर असली तर जेवणाच्या सुट्टीत उत्तर द्यायची. ती मिरजेकडची. तिकडच्या बायका बोलतात तसं ‘मी येतो ताई’, ‘बघतो की’ असं बोलायची. माझी मुलगी फिसकन हसायची. मी तिच्याकडे डोळे वटारून बघायची आणि सिस्टर गेल्यावर स्वयंपाकघरात स्वतःच तिची नक्कल करायची. हे लिहिताना कान गरम होतायत, पण लिहायचंच म्हटल्यावर सगळंच लिहायला हवं.

त्या वर्षी सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मे महिन्यात एका सकाळी त्यांच्या पाठीला आग व्हायला लागली, आणि दोन दिवसांत कमरेभोवती पुळ्यांचा पट्टा उठला. त्यांचं निदान तयार होतं: उष्णता बाहेर पडतेय. त्यांनी चंदन उगाळून लावलं, सब्जाचं पाणी प्यायल्या, वर मलाच ऐकवलं की तुमच्या या खिडक्या बंद ठेवलेल्या घरांमुळे हे होतं. मी फोटो काढून सिस्टरला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन आला. म्हणाली, नागीण आहे, औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, आजच दाखवा, उद्यावर टाकू नका.

आता त्या दिवशी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. तोयोसुच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये पंचविसाव्या मजल्यावर मी बसते, आणि रिलीजच्या दिवशी आम्हाला घर, सासू, मूल काहीही नसतं. मी तिला तसं सांगितलं. ती नाइट ड्यूटी संपवून नुकतीच बाहेर पडली होती. सायतामाच्या बाजूला तिचं हॉस्पिटल, तिथून आमच्याकडे यायला तास-सव्वा तास. ‘येतो मी,’ म्हणाली आणि खरंच आली. सासूबाईंना त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, तिथला जपानी फॉर्म भरला, त्यांच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांची नावं डॉक्टरला सांगितली, औषधं आणली. संध्याकाळी सात वाजता मी घरी पोचले तेव्हा सिस्टर माझ्या गॅससमोर उभी राहून सासूबाईंसाठी मऊ भात करत होती. रात्रभर जागलेली बाई, डोळे लाल झालेले. मी थँक यू म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

नंतरचे दहा दिवस ती एक दिवसाआड आली. सासूबाईंना अंघोळ घालायची, मलम लावायची, दुखणं सुसह्य व्हावं म्हणून इकडच्या-तिकडच्या गप्पा मारायची. त्या गप्पांतच सासूबाईंनी तिचं आडनाव विचारून घेतलं, माहेर विचारलं, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी एक निळा कप वेगळा झाला. तो फळीच्या अगदी टोकाला, डाळीच्या डब्यांमागे ठेवला जायला लागला. ज्या हातांनी पाठीला मलम लावून घ्यायचं, त्या हातांसाठी वेगळा कप! मला ते पहिल्या दिवशीच दिसलं. मी शिकलेली, चार देश फिरलेली, ऑफिसात समानतेवर प्रेझेंटेशन देणारी. आजारी माणसाशी कुठे वाद घालायचा, अशी मनाची समजूत घातली, आणि कप धुऊन डाळीच्या डब्यांमागे ठेवत राहिले.

सासूबाई बऱ्या होऊन जूनमध्ये पुण्याला परत गेल्या. जुलैत एका रविवारी दुपारी सिस्टर आली. फोन करून, वेळ विचारून आली होती आणि हातात पारदर्शक प्लास्टिकची फाइल होती. नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता. ती खुर्चीवर बसताना टेबलाला धरून बसली. मग तिने एकेक करून सगळं सांगितलं. इतकं नीट सांगितलं की माझ्या टीममधल्या पोरांनी तिच्याकडे शिकायला जावं.

तिला इथे येऊन अकरा वर्षं झाली होती. आधी भाषा शिकली, तोवर एका वृद्धाश्रमात मदतनीस होती, मग इथली नर्सची सरकारी परीक्षा जपानीतून दिली. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. तेव्हापासून वॉर्डात. आता तिच्या कमरेतली चकती सरकली होती. पेशंटला उचलून कूस बदलायची, व्हीलचेअरमध्ये बसवायचं, हे ती वर्षानुवर्षं करत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उचलणं बंद करा. पण तिचा व्हिसा होता नर्सचाच. ते काम सोडलं तर व्हिसा जाणार, आणि तिच्या व्हिसावर राहणाऱ्या नवऱ्याचा आणि मुलीचाही जाणार. मुलगी चौथीत. तिला मराठी समजतं, पण उत्तर जपानीत देते. देवनागरी अक्षर तिने कधी गिरवलेलं नाही. तिला मिरजेच्या शाळेत नेऊन बसवायचं म्हणजे काय, ते आम्हा इथल्या आयांना वेगळं सांगायला नको.

यातून सुटायचा मार्ग एकच, पीआर. म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. तो मिळाला की कोणतंही काम करता येतं. परदेशी पेशंटसाठी फोनवर दुभाष्याचं काम एक कंपनी तिला द्यायला तयार होती, खुर्चीत बसून करायचं. परवान्यासाठी लागणारं सगळं तिच्याकडे होतं. दहा वर्षं वास्तव्य, त्यात पाचाहून जास्त वर्षं नोकरी. कर, पेन्शन, आरोग्य विमा, एकाही हप्त्याला एक दिवस उशीर नाही. हॉस्पिटलचा नोकरीचा दाखला. अर्ज का करतेय याचं तिने स्वतः जपानीत लिहिलेलं पत्र. हे सगळं त्या फाइलमध्ये रांगेने लावलेलं होतं. फक्त एक कागद कोरा होता. हमीदाराचा. हमीदार जपानी माणूस हवा, नाहीतर आमच्यासारखा, ज्याला आधीच पीआर मिळालाय असा.

तिने आधी तिच्या मुख्य नर्सला विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, कर्मचाऱ्यांना हमी द्यायची नाही असा हॉस्पिटलचा दंडक आहे. मग बरोबरच्या एका जपानी नर्सला विचारलं. ती म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते, आणि त्या दिवसापासून वेगळ्या वेळी जेवायला जायला लागली. हमीदार हा शब्द जपान्यांच्याही घरात भीतीचाच. आणि वेळ थोडा होता. तिचं व्हिसाचं तीन वर्षांचं कार्ड सप्टेंबरअखेर संपत होतं. गेल्या वर्षी जुन्या हॉस्पिटलने तिचा वॉर्डच बंद केला म्हणून तिला नोकरी बदलावी लागली होती, आणि नोकरी नवीन असली की पुढचं कार्ड एकाच वर्षाचं हातात ठेवतात असं तिने बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. एक वर्षाच्या कार्डावर पीआरचा अर्जच करता येत नाही. म्हणजे सप्टेंबरच्या आत अर्ज गेला पाहिजे.

‘ताई, तुम्ही द्याल का सही?’ तिने विचारलं.

मला काही समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. सगळं समजलं होतं. मी उठले आणि चहा ठेवते म्हणाले. आधण ठेवताना तिच्याकडे पाठ करून सांगितलं, ‘अगं, दिली असती गं. पण आमच्या कंपनीचा नियम आहे. कुणाचीच गॅरंटी घ्यायची नाही, सही करून घेतलीय आमच्याकडून.’

धादांत थाप. असा काही नियम नाही आणि कधी नव्हता. इतकी गुळगुळीत थाप मला कुठून सुचली? तिने आत्ताच हॉस्पिटलचा दंडक सांगितला होता, तिथूनच उचलली मी. तिलाच मिळालेला नकार मी पुन्हा तिच्याच हातात ठेवला. आणि नेहमीच्या सवयीने डाळीच्या डब्यांमागे हात घालून तो निळा कप काढला. सासूबाई तेव्हा पुण्यात होत्या. त्यांना दोष द्यायलाही जागा नव्हती.

‘हो का? असू दे ताई,’ एवढंच ती म्हणाली. चहा प्यायली, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मग उठून मी नको नको म्हणत असताना कप विसळला, आणि डाळीच्या डब्यांमागे नेऊन ठेवला. तो कुठे ठेवायचा हे तिला माहीत होतं. मला त्या क्षणी जमीन फाटून आत जावंसं वाटायला हवं होतं. खरं सांगते, नाही वाटलं. सुटले बाई, असं वाटलं.

स्वतःच्या बचावासाठी माझ्याकडे वडिलांची गोष्ट तयार होती. आमच्या घरात जामीन हा शब्द शिवीसारखा होता. बाबा बँकेत होते. दुसऱ्यासाठी सही करून देशोधडीला लागलेली माणसं त्यांनी रोज पाहिलेली. आम्हा भावंडांना त्यांनी शुभंकरोतीच्या बरोबरीने शिकवलं होतं की सख्खा भाऊ असला तरी जामीन राहायचं नाही. संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी हेच सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंस, उद्या काही झालं तर आपल्या अंगाशी यायचं. आणि सिस्टरला काय, हॉस्पिटलात शंभर जण ओळखीचे असतील, मिळेल कुणीतरी. आम्ही दोघंही जेवलो आणि झोपलो.

यात एक बारीकशी गोष्ट मी त्याला सांगितली नाही, आणि त्यानेही काढली नाही. आमच्या पीआरला हमीदार कोण होतं? माझ्या खात्याचे प्रमुख, एक जपानी गृहस्थ. आम्हाला इथे येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. पगार, पदवी, वय यांचे गुण मोजतात, त्यात आम्ही बसत होतो म्हणून दहा वर्षं थांबायचं काम नव्हतं. त्यांनी दोन मीटिंगांच्या मधे कागद घेतला, सही केली आणि परत दिला. मी त्यांना काजूकतलीचा डबा दिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, यात दूध आहे का, बायकोला चालत नाही. त्यांना त्यांच्या बाबांनी काही शिकवलं नव्हतं की काय, कोण जाणे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसातलं एक तरुण जोडपं घरी आलं. दोघंही पुण्याची, मुलगा तर आमच्याच कॉलेजचा, आम्ही बाहेर पडल्यावर कितीतरी वर्षांनी शिकलेला. बाकरवडी घेऊन आले. पहिल्या दहा मिनिटांत कॉलेजच्या कँटीनची, होस्टेलच्या वॉर्डनची आठवण निघाली, आणि मग मुलाने लाजत लाजत कागद पुढे केला. पीआरचा अर्ज करतोय वहिनी, गुण बसतायत आमचे, फक्त गॅरंटर हवाय. मी म्हटलं, अरे, त्यात काय एवढं, पेन कुठेय? नवरा आतून माझ्या कार्डाची झेरॉक्स करून घेऊन आला. अंगाशी येणं वगैरे त्यालाही आठवलं नाही. त्या दोघांना आम्ही त्याआधी तीनदा भेटलो होतो. चहा निवायच्या आत सही झाली.

मला आठवलं नाही असं लिहिणार होते. पण आठवलं. सही करताना नावाच्या मधोमध हात किंचित थांबला. आणि मी तो पुढे रेटला.

ते गेल्यावर मुलीने टेबलावरचा जास्तीचा कोरा फॉर्म उचलला. ती सातवीत आहे आणि जपानी आमच्या दोघांपेक्षा चांगलं वाचते. अर्ध्या मिनिटात वाचून म्हणाली, आई, यात पैसे भरायचं काहीच नाहीये. एवढंच आहे की हा माणूस इथले कायदे पाळेल, कर वगैरे भरेल, यासाठी तू त्याला मदत करशील. एकच पान. मी आमच्या वेळी ते वाचलंच नव्हतं, कारण तेव्हा दुसरा माणूस सही करणार होता. मग ती म्हणाली, ‘पण तुझ्या कंपनीचा नियम आहे ना? सिस्टरमावशीला तू सांगितलंस तो?’ मीच कधीतरी जेवताना बोलले असणार. मी म्हटलं, ते वेगळं असतं, तुला नाही कळायचं. ती फॉर्म ठेवून तिच्या खोलीत गेली.

अजूनही वेळ गेली नव्हती. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, फोन उचलायचा होता फक्त. मी दोनदा तिचं नाव काढलं आणि फोन उलटा ठेवला. काय सांगणार? की नियम बदलला? खोटं उघडं पडेल या भीतीने मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्यात तिचे तीन आठवडे निघून गेले. बाबांची शिकवण, जामीन, अंगाशी येणं, हे सगळं निमित्त होतं. त्या पुण्याच्या मुलासाठी पेन शोधलं, कारण तो आमच्यातला होता. ती आमच्यातली नव्हती. ती आमच्या कामाची होती. हे असं उघड लिहायला मला पुढे कित्येक महिने लागले.

नोव्हेंबरात ग्रूपचा दिवाळी फराळ होता, पालिकेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. सिस्टर नेहमीच्या टेबलावर. मी तिच्याशी डोळे न भिडवता इकडेतिकडे करत होते. पण रांगेतल्या एका आजींनी मलाच धरलं. म्हणाल्या, तू पण घे गं मोजून, केवढी धावपळ करतेस. नाही म्हणता येईना. मी बाही वर सरकवली आणि सिस्टरसमोर बसले. तिने दंडाला पट्टा गुंडाळला, कशा आहात ताई म्हणाली, आणि बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला.

तेवढ्यात त्या पुण्याच्या जोडप्यातली मुलगी चिवड्याची बशी घेऊन आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘वहिनी, तुम्हालाच शोधत होते. आमची फाइल गेली इमिग्रेशनला! तुम्ही दहा मिनिटांत गॅरंटरची सही दिलीत म्हणून, नाहीतर आम्ही बसलो असतो कुणाच्या दारात उभं राहत.’ मग सिस्टरकडे वळून म्हणाली, ‘खरंच, वहिनी म्हणजे एकदम मोठ्या मनाच्या आहेत हां.’

तिचा काय दोष? तिला काही माहीत नव्हतं. माझा दंड पट्ट्यात अडकलेला होता, मला उठताही येत नव्हतं. सिस्टरने मान वर केली नाही. ती मशीनच्या आकड्यांकडे बघत होती. तिचा चेहरा लाल झाला नाही की पडला नाही. मशीनने बीप दिला.

‘ताई, वरचा एकशे अठ्ठावन्न आलाय,’ ती म्हणाली. ‘हात सैल सोडा. लांब श्वास घ्या. पुन्हा घेतो.’

आणि तिने पुन्हा घेतलं. माझा दंड धरून, पट्टा सरळ करून, शांतपणे. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते, आणि ती माझं बीपी खाली यायची वाट बघत होती.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. मेसेज लिहायचे आणि खोडायचे. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे, विसरली असेल ती. मला त्याचा असा संताप आला की मी पातेलं आपटलं. पण संताप कुणाचा होता हे त्यालाही कळत होतं. शनिवारी मी फॉर्म छापला, वाचला, या वेळी शब्द न् शब्द वाचला, सही केली, माझ्या कार्डाची प्रत जोडली, पाकिटात घातलं आणि तिच्या हॉस्पिटलला गेले. ट्रेनमध्ये काय बोलायचं ते घोकत होते. तिची दिवसपाळी पाचला सुटते. हॉस्पिटलसमोर एक कोम्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान आहे, त्यात खिडकीशी बसायला दोन उंच स्टुलं आणि एक टेबल. ती मला बघून थबकली, मग आत आली. जाकिटाखाली कमरेचा पट्टा दिसत होता. मी कॉफी आणली. पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

घोकलेलं काहीच आठवलं नाही. ‘मी खोटं बोलले तुझ्याशी,’ एवढंच म्हणाले. ‘असा काही नियम नाही.’

‘ते मला त्याच दिवशी माहीत होतं, ताई,’ ती म्हणाली. ‘मी सांगितलेला हॉस्पिटलचा दंडकच तुम्ही परत मला सांगितला की.’

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, काय बोलणार, तुम्हाला द्यायची नव्हती सही. त्यात राग नव्हता. पेशंटच्या नातेवाइकाला रिपोर्ट सांगावा तसं तिने सांगितलं.

मग तिने पर्समधून तिचं कार्ड काढलं आणि पाकिटाशेजारी ठेवलं. नवीन होतं, ऑक्टोबरात आलेलं. मुदत एक वर्ष. का, ते इमिग्रेशनवाले सांगत नाहीत. आता अर्ज करता येणार नव्हता. पुढच्या वर्षी कार्ड पुन्हा नवीन होईल, तेव्हा तीन वर्षांचं मिळालं तर अर्ज, आणि त्याचा निकाल यायला आणखी वर्ष-दीड वर्ष. नाहीतर पुन्हा एक वर्ष. तोवर वॉर्ड. दुभाष्याच्या कंपनीने दुसरी बाई घेतली होती. नवरा सकाळी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात जातो, तो घरचं सगळं उचलणं-ठेवणं करतो म्हणून कंबर टिकून आहे, असं ती म्हणाली. मुलीला काही सांगितलेलं नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लाज वाटली त्याचीही. तिची कंबर मोडलेली आणि रडतेय कोण, तर मी. तिने टिश्यू पुढे केला. मी म्हटलं, हे पाकीट ठेव, पुढच्या वर्षी लागेल तेव्हा नवीन करून देईन, कधीही हाक मार, अर्ध्या दिवसात येईन. तिने बोटाने पाकीट माझ्याकडे सरकवलं.

‘तुमच्याकडून नको, ताई.’

मी काही बोलायच्या आत तिने हात वर केला. ‘एक मात्र करा. तुम्ही मला नाही म्हणालात, हे ग्रूपात कुणाला कळू देऊ नका. पुढच्या खेपेला मला त्यांच्यातल्याच कुणाला तरी विचारावं लागणार. तुम्ही एवढ्या मोठ्या, सगळे तुम्हाला मानतात. तुम्हीच नाही म्हणालात असं कळलं, तर त्यांना वाटेल, हिच्यात काहीतरी खोट असणार.’

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? ती टेबलाला धरून उठली, कॉफीचे दोन्ही कप कचऱ्यात वेगवेगळे करून टाकले, झाकण एकीकडे, कागद एकीकडे, आणि बसस्टॉपकडे गेली.

तो शब्द मी पाळला आहे. कमिटीत मी म्हटलं की सिस्टरला त्या बीपीच्या टेबलावरून मोकळं करू या, तर कुणीतरी विचारलं, का, काही झालं का? आणि मला सांगता आलं नाही. फराळाला, गणपतीला, लोक मला अजून म्हणतात की वहिनी, तुमचं आणि सिस्टरचं किती जमतं, तुमच्या सासूबाईंचं तिने किती केलं, तिचं काही अडलं तर तुम्ही आहातच. मी हसते. खरं सांगितलं तर तिचं नुकसान होईल. नाही सांगितलं की माझं नाव चांगलं राहतं. तिला दिलेला शब्द मी पाळते, आणि त्यातून सगळा फायदा मलाच मिळतो. अशी मी आहे, मोठ्या मनाची.

म्हणून इथे कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, आणि ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत. तिचं लिहिलं नाही, कारण तिने तसं सांगितलं. माझं का लिहिलं नाही, ते सांगायला तिची गरज नाही.